पट्ट्याला पाडलेलं भोक

"पोरींनो, घाबरू नका. तुम्हाला कोणी खांबावर चढवणार नाही," भरतीचं बघणारे सोमवंशी साहेब म्हणाले, आणि आम्हा अकरा जणींचा जीव भांड्यात पडला.

मार्च महिना होता. वीज कंपनीच्या स्टोअरमागच्या मैदानात आम्ही सकाळी आठपासून उभ्या होतो. कडेला जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गंजलेल्या टाक्या, तारांची भेंडोळी, आणि मधोमध ओळीनं गाडलेले चार लोखंडी खांब. मुलांची चढायची परीक्षा आदल्या दिवशी उरकली होती. आज आमची पाळी. लेखी परीक्षा आम्ही पास झालेल्या, कागदपत्रं तपासून झालेली. एवढा खांब पार पडला की लाइनवरच्या कामावर नेमणूक.

त्या खांबानं माझी झोप उडवली होती. आयटीआयला वायरमनच्या वर्गात वीस मुलांत मी एकटी मुलगी, आणि चढण्यात पहिल्या तिघांत. पण ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मधे लग्न झालं, मुलगी झाली. ती आता पाच महिन्यांची होती आणि गेटबाहेर कडुनिंबाखाली माझ्या सासूच्या, आत्याबाईंच्या, मांडीवर होती. तिला पाजायला लागायचं म्हणून आत्याबाई माझ्यासोबत कवठळहून आल्या होत्या. त्यांना ही नोकरी फारशी पसंत नव्हती. एसटीत बसल्या बसल्या त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "जमलं नाही तं खाली ये. कोनी तुले घरातून काहाडत नाही."

सोमवंशी साहेबांनी आमच्यासाठी चहा आणि बिस्किटं मागवली. आम्ही सावलीत बसलो. साहेब स्वतः उन्हात उभे होते, हे मला अजून आठवतं.

"माझी मोठी लेक तुमच्याच वयाची," ते म्हणाले. "तिला मी गच्चीवर पतंग उडवू देत नाही. तुम्हाला पंचवीस फुटांवर कसा चढवू? उद्या हात-पाय मोडले तर तुमच्या घरच्यांना काय तोंड दाखवू? एक साधा अर्ज लिहून द्या, विषय संपला."

क्लार्कनं टाइप केलेले कागद वाटले. लिहायचंसुद्धा काही नव्हतं, फक्त नाव आणि सही. कागदावर होतं : 'शारीरिक कारणास्तव मी विजेच्या खांबावर चढण्यास असमर्थ आहे. तरी मला या चाचणीतून सूट मिळावी, ही विनंती. हे मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.'

"मग आम्हाला ऑफिसात काम देतील का, साहेब?" सुलोचना नावाच्या मुलीनं विचारलं.

"बघू ना. ऑफिसात कामं काय कमी आहेत?"

चाचणी घ्यायला शेषराव खंडारे नावाचे लाइनमन आलेले होते. पांढऱ्या मिशा, उन्हानं काळवंडलेला चेहरा. लाकडी खोक्यावर दोर आणि कातडी पट्टा मांडून बसले होते. ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "बरं झालं. बायांचं काम नाही हे."

मी तिसरी सही केली. वनिता दिलीप काळबांडे. पेन पुढच्या मुलीकडे दिलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी अजून एक बिस्किट घेतलं.

एकीनंच सही केली नाही. रेखा तायडे. काटकुळी, उंच, दोन वेण्या घातलेली. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"साहेब, जाहिरातीत तर खांबावर चढता येणं आवश्यक, असं लिहिलं होतं."

"होतं ना. म्हणून तर सूट देतोय."

"मी विचार करते."

"करा, करा. घाई नाही. जेवणानंतर द्या."

आम्ही बाकीच्या एकमेकींकडे बघून हसलो. एवढी सोय करून देतात, तर हिचं काहीतरीच.

जेवणाच्या सुट्टीत मी जवळजवळ पळतच गेटबाहेर गेले. "आत्याबाई, चढायचंच नाही! चहा-बिस्किटं दिली आणि नुसती सही घेतली."

मला वाटलं त्या देवाला हात जोडतील. त्यांनी मुलगी माझ्या मांडीवर दिली, तिच्यावर पदर ओढला आणि विचारलं, "कशावर सही घेतली?"

"कागदावर. मला चढता येत नाही म्हणून."

"येते तं तुले."

"येतं हो. पण सूट हवी तर तसं लिहावं लागतं."

आत्याबाईंच्या पलीकडे एक बाई फायलीवर भाकरी ठेवून खात होती. तिशीची असेल. कपाळावर गोंदण, पायात झिजलेल्या चपला. आत्याबाईंनी तिच्याकडे हनुवटीनं खूण केली.

"हे शेवंता राठोड. सकाळपासून माह्याजवळ बसेल हाय. बाई, हिले तुवा कागद दाखव बरं."

बाईनं हात पुसले. फाइल उघडली. तिचे कागद नीट प्लास्टिकमध्ये घातलेले होते, लग्नपत्रिकेसारखे. पहिला कागद तोच होता, जो मी तासाभरापूर्वी सही करून दिला होता. तोच मजकूर, 'स्वखुशीने' सुद्धा तिथंच. तारीख तेवढी मागच्या वर्षीची, जिल्हा शेजारचा.

"चहा दिला का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"दिला."

"आम्हालाही दिला होता."

दुसरा कागद तिच्या घरी पोस्टानं आलेला. मी मुलीला पाजता पाजता एका हातानं धरून वाचला. पदाच्या मूळ कामासाठी आपण असमर्थ असल्याचे आपणच स्वखुशीने लिहून दिल्यामुळे आपली निवड रद्द करण्यात येत आहे, असं त्यात होतं. खाली सही, शिक्का.

"सहा जणी होतो," शेवंता म्हणाली. "सहाही गेल्या. दोन्ही जिल्हे ज्यांच्याकडे, त्या इथल्या मोठ्या साहेबांकडे मी दर महिन्याला येते. आज ते मीटिंगला आहेत म्हणे."

मुलगी पीत होती आणि मला वाटत होतं, तिनं थांबू नये. ती थांबली की मला उठावं लागणार होतं.

"आता काय करू, आत्याबाई?"

मला खरं म्हणजे त्यांनी सांगायला हवं होतं की, जाऊ दे, चल घरी. पहाटे त्यांनीच तसं सांगितलं होतं. त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "तो कागद वापस आन."

"सही केलेला कागद परत देतात का?"

"मले काय माईत? माग तं खरं."

आत आले तेव्हा रेखा तायडे एकटीच खांबाशी उभी होती, वर बघत. मी तिला शेवंताच्या पत्राचं सांगितलं. तिनं एक लांब श्वास घेतला. "मला वाटलंच होतं काहीतरी. पण तुम्ही सगळ्या हसलात, तर वाटलं माझंच चुकतंय."

आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, माझा कागद परत द्या," मी म्हणाले. आवाज माझाच, पण फार लांबून आल्यासारखा.

"कसला कागद?"

"मघाचा. मला चढायचं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तो आवक रजिस्टरला चढला. आता ऑफिसचा कागद झाला तो."

"पण तो लिहून दिला की नेमणूक रद्द होते. बाहेर एक बाई बसली आहे, तिची झाली."

"ते वरचे लोक बघतात. मी फक्त कागद पुढे पाठवतो." मग त्यांचा आवाज उतरला. "अहो, समजून घ्या. मागच्या वर्षी एक मुलगा पडला इथं, त्याची चौकशी अजून माझ्या मानेवर आहे. तुमच्यातली एखादी पडली तर पेपरात माझा फोटो येईल. कशाला हट्ट करता?"

"साहेब, तो मुलगा पडला म्हणून मुलांचं चढणं बंद झालं का?" रेखानं विचारलं.

साहेबांनी चष्मा परत चढवला. क्लार्क टाचण्या मोजल्यासारखं करत होता. दारात हळूहळू बाकीच्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. बातमी पोचली होती.

"मी तर सहीच केलेली नाही," रेखा म्हणाली. "मला तरी तुम्हाला चढवावंच लागेल."

साहेब उठले. "ठीक आहे. चला."

शेषराव अजून खोक्यावरच होते. साहेबांनी नुसता हात केला. शेषरावांनी रेखाला पायातला दोर दिला, पट्टा तिच्या कमरेभोवती घातला आणि बक्कल लावली. शेवटच्या भोकात लावूनही पट्टा तिच्या कमरेवरून सुळकन खाली घसरला. गुडघ्यांपर्यंत आला.

एक-दोघी हसल्या. रेखाचं तोंड पांढरं पडलं.

"बघा," साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सुटका होती. "हे साहित्य पुरुषांच्या मापाचं. यात बाईमाणूस बसतच नाही. मी काय वेडा म्हणून सांगत होतो? नियमानं पट्ट्याशिवाय चढवता येत नाही. संपला विषय."

संपलाच होता. कागदावर जे लिहिलं होतं तेच जणू खरं ठरलं होतं, आम्ही असमर्थ होतो, आमची कंबर असमर्थ होती. मी मागं वळले.

"साहेब," शेषराव म्हणाले, "भोक पाडता येते ना."

"काय?"

"पट्ट्याले. कातडंच हाय."

"शेषराव, सकाळी तुम्हीच म्हणत होता, बायांचं काम नाही म्हणून."

"म्हनलो ना. अजूनबी तसंच वाटते मले." ते उठून खोक्यात खिळा शोधायला लागले. "पन पट्टा सैल हाय म्हनून बाईले नापास कराव, हे काही मले पटत नाही. तीस वर्षं झाले, शंभर पोरं चढोले असतीन. कोनाचा पट्टा ढिला, कोनाचा टाइट. बसवून देनं माहं काम हाय."

त्यांनी पट्टा एका दगडावर ठेवला, खिळा टेकवला आणि हातोडीचे तीन घाव घातले. मग अजून दोन भोकं पाडली. एक रेखासाठी, एक माझ्याकडे नजर टाकून अंदाजानं, आणि एक असंच. मग पट्टा स्वतःच खांबाला अडकवून त्यावर सगळं अंग टाकून मागं झुकले, दोनदा हिसके दिले. "पक्का हाय. चढ, पोरी."

साहेबांनी अडवलं नाही. नियमात भोकाबद्दल काही नसावं.

रेखा चढली ती सरसर. वर जाऊन पट्टा अडकवला, दोन्ही हात सोडले आणि तारेला धरणारी चिनी मातीची चिमणी असते, तिचं नट ढिलं करून परत आवळलं. एवढंच करून दाखवायचं होतं. ती खाली उतरली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या पुढच्या नावाची वाट बघत होत्या.

"काळबांडे," साहेब म्हणाले. "तुमचा कागद माझ्याकडे आहे. चढलात, चिमणी आवळलीत, तर मी त्याचं बघतो. मधूनच उतरलात तर तो कागद खरा."

मी ओढणी कमरेला घट्ट बांधली. पट्टा नव्या भोकात नेमका बसला. पहिले आठ-दहा फूट पायांनाच आठवत होते. दोर आवळायचा, गुडघे मोडायचे, अंग वर ओढायचं. मग मांड्या थरथरायला लागल्या. बाळंतपणानंतर पोटात पूर्वीचं बळ नव्हतं, हे मला तिथं, अर्ध्यावर कळलं. लोखंड तापलेलं होतं. तळहात भाजत होते. छातीत दूध भरून आलं आणि कुडता ओला झाला, मला लाजेनं आणि भीतीनं काही सुचेना. मी खांबाला मिठी मारून थांबले.

खाली कोणी म्हणालं, "येईल उतरून." बहुतेक क्लार्क असावा.

मी खाली बघितलं. बघायला नको होतं. मैदान एकदम गोल फिरलं.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला. भिंतीजवळ दगडांचा ढीग होता, त्यावर आत्याबाई उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा, कडेवर मुलगी, तिची मान त्यांच्या खांद्यावर.

"वनिता! खाली नोको पाहू!" त्या ओरडल्या. "लेकरू झोपलं हाय! घाई नोको करू, निवांत चढ!"

मला हसूच आलं. पंचवीस फुटांचा खांब, दोन्ही हात भाजतायत, आणि ही बाई सांगते निवांत चढ. पण हसण्यानं खांबाची मिठी सैल झाली. लेकरू झोपलं होतं. म्हणजे मला खरंच कुठं जायचं नव्हतं. मी एक पाय वर घेतला. थांबले. दुसरा घेतला. थांबले. रेखाला दोन मिनिटं लागली असतील, मला बारा लागली. वेळेचं बंधन कागदावर नव्हतं.

वर पोचले, पट्टा अडकवला आणि हात सोडायची वेळ आली. त्या पट्ट्यावर अंग टाकून मागं झुकले, तर त्यानं मला धरलं. मी चिमणीचं नट सोडलं. परत आवळलं. शेषराव खालून म्हणाले, "अजून अर्धा आटा." मी अर्धा आटा दिला. तिथून स्टोअरचं छप्पर, रस्ता, कडुनिंब आणि दगडांवरच्या आत्याबाई दिसत होत्या, आणि त्यांच्याशेजारी शेवंता राठोड, फाइल छातीशी धरून.

उतरले. रेखानं मला धरून बसवलं, पाणी दिलं. मग सुलोचना पुढं झाली. "साहेब, माझाही कागद द्या."

एकीमागून एक आठ जणींनी कागद मागितले. एकीनं मागितला नाही, ती बॅग उचलून निघून गेली. एक अर्ध्यावरून उतरली आणि रडत बसली. शेषरावांनी साहेबांना सांगून तिला आठवड्यानंतरची तारीख मिळवून दिली. बाकीच्या चढल्या. ऊन उतरेपर्यंत ते चालू होतं. पट्ट्याला आणखी दोन भोकं पडली.

रजिस्टरला चढलेला कागद फाडता येत नव्हता. मग सोमवंशी साहेबांनीच तोड काढली. आमच्या प्रत्येकीच्या कागदावर त्यांनी लाल शाईनं आडवं लिहिलं : 'उमेदवाराने प्रत्यक्ष चढून दाखविले. सबब हा अर्ज रद्द.' आणि सही. लिहिताना ते म्हणाले, "कोणी पडली नाही हे बरं झालं." ते मनापासून बोलत होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

मे महिन्यात नेमणुकीची पत्रं आली. माझी पहिली तीन वर्षं एका तालुक्याच्या गावी गेली, आता बारा गावांच्या लाइनी माझ्याकडे आहेत. रेखा पुढं परीक्षा देऊन वरच्या जागेवर गेली. शेवंताचा अर्ज रेखानंच नव्यानं लिहून दिला, आणि आमच्या लाल शाईच्या कागदांच्या प्रती त्याला जोडल्या. दोन वर्षं गेली त्यात. पण त्या सहाही जणींना परत बोलावलं, त्यांतल्या चौघी आल्या आणि चढल्या. शेवंता आली त्या दिवशी मी रजा काढून तिथं गेले होते.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच घडलेलं नव्हतं. आम्ही काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसून कवठळला परत चाललो होतो. माझे तळहात आत्याबाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून दिले होते, म्हणून मुलगी अजून त्यांच्याच मांडीवर होती.

"आत्याबाई," मी विचारलं, "तुम्हाला तर मी चढायला नको होतं. मग शेवंताचा कागद मला का दाखवलात?"

त्या बाहेर बघत राहिल्या. दोन्ही बाजूंनी गव्हाची कापणी चालली होती.

"माह्या बापानं मले तीन एकर ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "विहिरीजवळचं. सासरी तुह्या सासऱ्याले माईत होतं, बाकी कोनाले नाही. बाप गेल्यावर मोठा भाऊ घरी आला. लुगडं आनलं, लाडू आनले. म्हने, बाई, तुले कशाले तरास, शेतसारा, कोर्टकचेरी, आमी हावो ना. मंग कागद काहाडला. म्या अंगठा देल्ला. त्याइनं अंगठ्याची शाई पन आपल्या रुमालानं पुसून देल्ली." त्यांनी मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "तू चहा-बिस्किटाचं सांगतलं अन् मले तो रुमालच दिसला."

जीप एका वळणावर हेलकावली. मी त्यांच्या अंगावर रेलले.

"मग नंतर कधी परत नाही मागितला कागद?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. काहीतरी नवीन, साधं कळावं तसा तो चेहरा होता.

"मागता येते, हे कोनाले माईत होतं, माय?" त्या म्हणाल्या. "आज पाह्यलं तुले मागताना."